करवंदाची बी आणि स्वदेशीची कसोटी

वैशाख सरत आला की सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या कडेला वनवासी भगिनी पाट्या मांडून बसतात. पाटीत काळीभोर करवंदे आणि शेजारी पानांचे द्रोण. मुंबई-पुण्याकडे परतणारी कुटुंबे गाडी थांबवून दोन-चार द्रोण घेतात, आणि पुढच्या वळणापर्यंत ते रिकामेही होतात. चिकाने चिकटलेली बोटे पुसली जातात, बिया खिडकीतून बाहेर जातात आणि करवंदाचा विषय पुढच्या वैशाखापर्यंत संपतो. त्यातल्याच एखाद्या घराच्या दारात चार दिवसांनी एक पार्सल येते. त्यात 'ब्ल्यूबेरी', 'रास्पबेरी', 'ब्लॅकबेरी' अशी नावे छापलेल्या बियांच्या चकचकीत पुड्या असतात, सोबत नारळाच्या भुशाच्या वड्या आणि इवल्याशा कुंड्या. मुलांना सुट्टीत काहीतरी विधायक करायला मिळावे, म्हणून आईवडिलांनी हौसेने मागवलेला तो संच असतो.

पुढे काय होते, हे ज्यांनी असे संच आणले त्यांना ठाऊक आहे. पंधरा दिवस पाणी घातले जाते आणि महिनाभर वाट पाहिली जाते. काही उगवलेच तर ते बहुधा कुंडीत आपसूक आलेले तण असते. ब्ल्यूबेरीला चांगलीच आम्लधर्मी माती लागते; दख्खनच्या काळ्या चुनखडीयुक्त मातीत तिची मुळे अन्नच घेऊ शकत नाहीत. शिवाय बहुतेक जातींना फुलण्यापूर्वी थंडीचे काही शे तास हवे असतात. पुण्याच्या सज्जात ते कोठून मिळणार? संचाच्या खोक्यावर यांपैकी काहीही लिहिलेले नसते. मुलाच्या मनावर मात्र एवढेच कोरले जाते की, बी पेरले तरी ते उगवत नाही. पैशाच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

अशा हौसेची टवाळी करण्याचे कारण नाही. मातीत बोट घालून बी पेरावे आणि रोज सकाळी उठून अंकुर दिसतो का ते पाहावे, ही ओढ सिमेंटच्या चौथ्या मजल्यावरही जिवंत आहे, हे समाजाच्या प्रकृतीचे सुचिन्हच मानायला हवे. दु:ख इतकेच की, ही ओढ आपल्या दाराशी असलेल्या फळाकडे वळत नाही. रानातले ते 'रानटी' आणि खोक्यातले ते 'बेरी', अशी विभागणी मनात पक्की झाली आहे. गंमत पाहा. वाढदिवसाच्या केकवर जी लालभडक 'चेरी' ठेवलेली असते, ती आपल्याकडे बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेले करवंद असते. नाव परके, देह देशी. घाटात दहा रुपयांच्या द्रोणाची घासाघीस करणारा गृहस्थ बेकरीत त्याच करवंदाचे मुकाट्याने जास्त पैसे मोजतो.

ज्या भूमीची ओळखच फळझाडांच्या नावाने सांगितली गेली, तिथे हे घडावे याचे आश्चर्य वाटते. कोणत्याही पूजेच्या संकल्पात यजमान आपला पत्ता सांगतो तो जंबुद्वीपापासून. आणि जंबू म्हणजे जांभूळ. हिमालयातील बदरीनाथाच्या नावात बोर आहे. बदरिकाश्रम म्हणजे बोरींच्या वनातला आश्रम. करवंदाला संस्कृतात करमर्द म्हणतात, फालशाला परूषक. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ही दोन्ही फळे सन्मानाने नांदतात. शबरीने रामरायाला चाखून दिलेली बोरे तर घराघरांत ठाऊक आहेत. वाल्मीकींच्या मूळ कथेत शबरीने पाहुणचारासाठी रानातली फळे-कंदमुळे गोळा करून ठेवल्याचे येते. उष्ट्या बोरांचा प्रसंग पुढे भक्तिपरंपरेने आणि लोकमानसाने जोडला. पण लोकमानसाने जोडताना निवडले ते बोरच, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संक्रांतीला तान्ह्या बाळाचे बोरन्हाण करतात. त्यात आता चॉकलेटे अधिक आणि बोरे नावापुरती झाली आहेत. बोराची बी बाळाच्या डोळ्याला लागेल, अशी भीती कुणी सांगतो. इतकी वर्षे ती लागत नव्हती काय?

विदेशी म्हणजे काय?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. परक्या भूमीतून आलेले प्रत्येक झाड उपटून टाका, असे म्हणणे म्हणजे स्वदेशी नव्हे. तसे करायचे ठरवले तर महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात शिजवण्यासारखे फारसे उरणार नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ, काजू, पपई, मका आणि ज्याच्यावाचून मराठी पोहे अपुरे वाटतात तो शेंगदाणा, ही सारी मंडळी अमेरिका खंडातून, मुख्यत: पोर्तुगिजांच्या गलबतांतून इकडे आली. ज्ञानदेवांच्या काळच्या महाराष्ट्रात मिरची नव्हती, तिखटपणाचे काम मिरे आणि पिंपळी करीत. पण आज लवंगी मिरची किंवा संकेश्वरी मिरची परकी आहे असे कोण म्हणेल? चारशे वर्षे येथील बायांनी तिचे बी दरवर्षी राखले. या मातीत आणि या पावसात जी झाडे तगली, त्यांचेच बी पुढच्या वर्षासाठी बाजूला काढले. अशा शेकडो निवडींतून ती इथली झाली.

तेव्हा स्वदेशीची कसोटी झाडाच्या जन्मगावावर लावता येत नाही. ती एका साध्या प्रश्नावर लावावी: पुढच्या वर्षीचे बी कुणाच्या घरात आहे? बी घरात असेल तर पेरूचे झाडही स्वदेशी आणि बाजारातून दरवर्षी आणावे लागत असेल तर भेंडीचे रोपही परस्वाधीन. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हे याचे बोलके उदाहरण होय. तिला भौगोलिक मानांकन आहे, त्या डोंगरावरच्या हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते, तिथल्या शेतकऱ्याच्या कष्टांपुढे हात जोडावेत असे तिचे लालित्य. परंतु ती बियांपासून होत नाही, धावत्या फांद्यांच्या रोपांपासून होते, आणि त्या रोपांची आई परदेशातून आयात होते. बी पेरून ती घरी करू पाहणाऱ्याने हेही जाणावे की, ती संकरित असल्याने बियांपासून आलेले रोप आईसारखे फळ देईलच असे नाही. अंगावर शेकडो बिया मिरवणारे हे फळ बियांच्या बाबतीत तितकेच पराधीन आहे.

संकरित बियाण्याचे तंत्र म्हणजे पाप नव्हे, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम येतो आणि उत्पन्न वाढते. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये सुरू केलेला बियाणे उद्योग पुढे जगभर नावाजला गेला आणि 1998 चे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना लाभले. हे भारतीय कर्तृत्व आहे आणि त्याचा अभिमानच बाळगावा. ज्याला पाच एकरांवर कर्ज फेडायचे आहे, त्याने संकरित बी घ्यावे की नाही, हे शहरातल्या माणसाने खुर्चीत बसून ठरवू नये.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. संकराच्या फळातले बी पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत गुण फुटतात; एक झाड उंच, दुसरे खुजे, तिसऱ्याला फळच नाही. म्हणून ते राखण्यात अर्थ उरत नाही आणि दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. शेतकऱ्याला हा व्यवहार परवडतो की नाही, त्याचा हिशेब तो करील. पण ज्या घराला चार वांगी, मूठभर घेवडा आणि पावशेर टोमॅटो हवे आहेत, त्या घराला संकरित जोमाची गरज काय? सज्जातल्या सहा कुंड्यांवर कुणाचे कर्ज आहे? तिथे सरळ वाण लावायला काहीच हरकत नाही, आणि नेमक्या तिथेच सरळ वाण मिळेनासे झाले आहेत. नर्सरीत जावे तर संकरित रोप. पुडी घ्यावी तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एफ-1'. अलीकडे तर 'गावरान' आणि 'देशी' या शब्दांचाही बाजार भरला असून साध्या तांबड्या भोपळ्याच्या आठ बिया अवाच्या सवा किमतीला विकल्या जातात. देशी वाण तिसऱ्यांदा विकत घ्यावे लागत असेल, तर घेणाऱ्याने ते देशी ठेवलेले नाही, असाच त्याचा अर्थ.

हळद गेली होती, आठवते का?

बियाण्याचा प्रश्न किरकोळ वाटणाऱ्यांनी 1995 साल आठवावे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला आव्हान दिले आणि जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून 1997 मध्ये ते रद्द करवून घेतले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणांवरील युरोपातले पेटंट 2000 साली रद्द झाले आणि 2005 मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. त्या काळात दत्तोपंत ठेंगडी गावोगाव जाऊन जागतिकीकरणाच्या करारांतील बौद्धिक संपदेची कलमे समजावून सांगत. 1979 मध्ये भारतीय किसान संघ आणि 1991 मध्ये स्वदेशी जागरण मंच उभे करणाऱ्या त्या द्रष्ट्याला अनेक अर्थपंडितांनी तेव्हा कालबाह्य ठरवले होते.

त्या मंथनातून एक चांगली गोष्ट निपजली. 2001 साली संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यातील 39 वे कलम प्रत्येक सुशिक्षित घराने माहीत करून घ्यावे असे आहे. संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, शेजाऱ्याशी देवघेव करण्याचा, इतकेच नव्हे तर विकण्याचाही हक्क त्याने शेतकऱ्याला दिला. फक्त ब्रँडचा शिक्का मारून विकता येत नाही. तरीही 2019 मध्ये गुजरातमधील बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने वाणाच्या मालकीवरून कोट्यवधींचे दावे ठोकले. देशभर संताप उसळल्यावर ते मागे घेतले गेले. कायदा आपल्या बाजूने होता आणि समाज जागा होता, म्हणून हे झाले. पण कायदा जो हक्क देतो, तो वापरायला घरात बी तर असायला हवे! उतरंडीतले गाडगे रिकामे असेल तर 39 व्या कलमाचे करायचे काय?

ते गाडगे रिकामे होऊ न देणारी एक माउली महाराष्ट्राला लाभली आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. नातवंड आजारी पडू लागले, तेव्हा खाण्यात काहीतरी बिघडले आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या जुन्या वाणांच्या शोधाला लागल्या. घेवडा आणि वाल यांचे कितीतरी प्रकार, भात, नागली, पालेभाज्या, वेली. ज्या घरात जे सापडले ते त्यांनी मागून आणले, पेरले, वाढवले आणि पुन्हा वाटले. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 1967 मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि घरातच बीजबँक उभी राहिली. हळदीची लढाई जिंकणाऱ्या त्याच डॉ. माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. 2020 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचे नाव आले.

राहीबाईंचा सत्कार करायला सगळे उत्सुक असतात. शाल, श्रीफळ, छायाचित्र. त्यांचे अनुकरण करणारी घरे मात्र किती, हा प्रश्न सत्कार करणाऱ्यांना अवघडात टाकणारा आहे. त्यांच्याकडे नव्हती अशी कोणती गोष्ट मध्यमवर्गीय घरात आहे? शिक्षण आहे, पुस्तके आहेत, काचेच्या बरण्या आहेत, शीतकपाट आहे. नाही ती फक्त बी राखण्याची सवय. ती होती, आणि गेली. दोन पिढ्यांपूर्वीच्या आजीच्या माळ्यावर राखेत घोळवलेले वाल, आढ्याला टांगलेली दुधी-दोडक्याची वाळकी फळे आणि कापडात बांधलेली मिरचीची बी असे. पहिले, सर्वांत धट्टेकट्टे फळ खायचे नाही, ते बियाला राखायचे, हा त्या घराचा नियम होता. मूल कितीही रडले तरी त्या वेलीवरच्या फळाला हात लागत नसे.

नवरात्रातील घट हा त्या सवयीचाच विधी. पत्रावळीवर माती पसरून त्यात घरातले धान्य पेरायचे, नऊ दिवस पाणी घालायचे आणि दसऱ्याला ते अंकुर देवाला वाहून टोपीत खोवायचे. रब्बीच्या तोंडावर घरातले कोणते बी जोमाने उगवते, हे त्यातून आपोआप कळत असे. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर बिया मोजून ठेवतात आणि किती उगवल्या ते नोंदवतात, तत्त्व तेच. आता घटासाठीही वाण्याकडून धान्याची तयार पुडी येते. ती उगवली काय आणि न उगवली काय, पेरायचे कुठे आहे?

रानफळांपासून आरंभ

ज्याला पुन्हा ही सवय लावायची आहे, त्याने करवंदापासून आरंभ करावा हे उत्तम. ते झुडूप आहे, कुंडीत राहते, कापणी सोसते आणि पाण्याची फार चैन मागत नाही. पूर्ण काळी, मऊ झालेली फळे घ्यावीत. गर पाण्यात चोळून काढला की चपट्या बिया हाती येतात. त्या सावलीत एखादा दिवस सुकवून लगेच पेराव्यात. येथे 'लगेच' या शब्दाला महत्त्व आहे. करवंदाच्या बीची उगवणशक्ती फार टिकत नाही आणि डब्यात भरून ठेवली तर ती फुकट जाते. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात अर्धा इंच खोल पेरले की तीन-चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात. फळ यायला दोन-तीन वर्षे थांबावे लागते. तोवर काटे वाढतात, हेही सांगितले पाहिजे. लहान मुले खेळतात तिथे हे झाड ठेवू नये, सज्जाच्या कठड्यालगत किंवा सोसायटीच्या कुंपणाला ते शोभते. हिवाळा सरताना त्याला जुईसारखी पांढरी, मंद वासाची फुले येतात. त्यांच्यासाठीसुद्धा हे झाड लावावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' हे मोठ्या फळांचे वाण दिले आहे; ज्याला हमखास मोठी फळे हवी असतील त्याने त्याचे रोप आणावे. पण घाटातल्या द्रोणातली बी पेरण्यात जी मजा आहे ती निराळीच, कारण प्रत्येक झाडाचे फळ थोडे वेगळे निघते. एखादे आंबटढाण, तर एखादे साखरेसारखे.

फालसा आता महाराष्ट्रातल्या बाजारात दुर्मीळ झाला आहे, तो फळ फार नाजूक असल्यामुळे. तोडल्यापासून दिवस-दोन दिवसांत ते मऊ पडते. जे फळ बाजाराला परवडत नाही, ते घरच्या झाडावरच हवे. त्याची बी पावसाळ्याच्या आरंभी पेरली की दोन-तीन आठवड्यांत उगवते आणि झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळू लागते. एकच पथ्य: फळ नव्या फुटीवर येते, म्हणून पौषात फांद्या निर्दयपणे छाटाव्यात. छाटायला हात धजत नाही त्या घरी फालसा नुसता पाने देत बसतो.

बोराची आठळी कठीण. ती मिठाच्या दाट पाण्यात टाकावी. तरंगेल ती पोकळ समजून फेकावी, बुडेल ती धुऊन घ्यावी. हलक्या हाताने फोडून आतली बी पेरली तर आठवड्याभरात कोंब येतो, न फोडता पेरली तर महिनाभर वाट पाहावी लागते. बोरीचे सोटमूळ वेगाने खोल जाते आणि त्याला जागा बदललेली खपत नाही. म्हणून जिथे झाड हवे तिथेच पेरावे. या रायवळ झाडावर दुसऱ्या वर्षी उमराणचा किंवा जळगावच्या मेहरूणचा डोळा भरता येतो. कुंडीत मात्र बोरीचा छळ करू नये. जांभळाचेही तेच. त्याची बी आठ-पंधरा दिवसांच्या आत मातीत गेली पाहिजे, आणि एका बीतून दोन-तीन रोपे निघाली तर नवल वाटून घेऊ नये, तो जांभळाचा स्वभावच आहे. पण पहिले फळ दिसायला आठ-दहा वर्षे लागतात आणि झाड तीन मजल्यांएवढे होते. ते गावच्या घरी, शाळेच्या आवारात, देवराईच्या कडेला लावावे. पालघरजवळच्या बहाडोली गावाने जांभळाच्या बळावर भौगोलिक मानांकन मिळवले, हे लक्षात असू द्यावे.

तुतीच्या बाबतीत बियांचा हट्ट सोडावा. बोटभर जाडीची काडी पावसाळ्यात मातीत खोचली की काम भागते.

भाज्यांमध्ये वाल आणि घेवडा सर्वांत सोपे, कारण त्यांचे परागण बहुतांशी फुलातल्या फुलातच होते आणि वाण शुद्ध राहते. सर्वांत निरोगी वेल निवडून तिच्या शेंगा वेलीवरच खडखडीत वाळू द्याव्यात. टोमॅटोचा गर बियांसकट पाण्यात दोन-तीन दिवस आंबू दिला की बीभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग धुऊन ताटलीत सुकवावे. दुधी, दोडका, काकडी यांच्या बाबतीत मधमाशी शेजारच्या गच्चीवरून परके पराग आणते, म्हणून बियासाठी राखायचे मादी फूल उमलण्यापूर्वीच दोऱ्याने बांधून ठेवावे आणि त्याच वाणाच्या नर फुलाचे पराग हाताने लावून पुन्हा बांधावे. एक सावधगिरी अवश्य पाळावी. राखलेल्या बियांच्या वेलीचा दुधी कडू निघाला तर तो, किंवा त्याचा रस, तोंडात घालू नये. कडू दुधीने गंभीर विषबाधा होते. ती वेल मुळासकट काढावी आणि तिचे बी ठेवू नये. साठवणीला कोरडी बरणी, तळाशी चुलीची राख किंवा कडुनिंबाची वाळकी पाने, आणि वर चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली बरणी दुसऱ्या वर्षी कोडे होऊन बसते.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, राष्ट्रापुढे एवढे प्रश्न असताना कुंडीतल्या घेवड्याचे काय घेऊन बसलात? पण संघाने शताब्दीच्या वर्षात, 2025 मध्ये, समाजापुढे जी पंच परिवर्तनाची सूत्रे ठेवली, त्यांत पर्यावरण आहे, स्वदेशीचा 'स्व' आहे आणि कुटुंब प्रबोधनही आहे. भाषणात ही तीन वेगळी असतात. घरात बी राखायचे म्हटले की ती एकत्रच येतात, कारण आजीला ठाऊक आहे, सुनेला करायचे आहे आणि नातवाला पाहायचे आहे. कार्यकर्त्यांच्या घरी हे आधी सुरू व्हावे, अशी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. स्पष्ट बोलायचे तर, दर पावसाळ्यात होणाऱ्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांचे पुनरावलोकन करण्याची वेळ आली आहे. विकत आणलेली रोपे, खणून ठेवलेले खड्डे, पाहुण्यांचा हस्तस्पर्श आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा नवे रोप. जे रोप घरच्या बीपासून घरच्या कुंडीत दोन वर्षे वाढले आहे, ते लावणारा माणूस त्याला मार्चमध्ये पाणी घालायला विसरत नाही.

मराठीत 'वाण' हा शब्द दोन अर्थांचा आहे. बियाण्याची जात म्हणजे वाण, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी एकमेकींना देतात तेही वाण. गेली कित्येक वर्षे त्या दुसऱ्या वाणात प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या आणि स्टीलच्या वाट्या फिरत आहेत. एकीने दिलेली वाटी तिसरीकडून पुन्हा पहिलीकडे आल्याचे विनोदही जुने झाले. त्याऐवजी घरच्या बियांची पुडी लुटावी, असा प्रयोग काही भगिनींनी केला आहे आणि तो सर्वत्र व्हावा असा आहे. वीस जणींकडे वीस वाण असतील, तर एका संध्याकाळी प्रत्येकीच्या ओटीत वीस वाण येतात. एकीच्या कुंडीला कीड लागली तरी वाण एकोणीस घरांत जिवंत राहते. बीजबँक याहून वेगळी काय असते? पुडीवर वाणाचे नाव, ते कोणत्या गावाहून आणि कोणाच्या घरून आले, कोणत्या महिन्यात धरले आणि कधी पेरायचे, एवढे हाताने लिहावे. दुसऱ्या वर्षी त्याच मैत्रिणीला त्याच वाणाच्या चार शेंगा परत द्याव्यात. संक्रांतीपर्यंत करवंदाची बी मात्र टिकत नाही. तिचे द्यायचे ते ज्येष्ठात पेरलेले, सहा-सात महिन्यांचे रोपच.